वाहते पान आणि राहते पान

गप्पा आणि चर्चा एकाच छपराखाली कशा नांदवायच्या, हा प्रश्न ॲप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आज नवा वाटतो. मराठीत तो फार आधी हाताळला गेला आहे. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’वर पुढे ‘वाहते पान’ नावाचा प्रकार रुळला. एरवीच्या धाग्यावर लिहिलेले टिकते. दहा वर्षांनी कुणी तांबड्या रश्श्याची कृती शोधत आला तरी त्याला ती सापडते. वाहत्या पानावर मात्र नवे बोलणे आले की जुने मागून निघून जाते. २००७ च्या ‘मिसळपाव’ने यासाठीच ‘खरडफळा’ ठेवला होता. फळा म्हटले की तो पुसला जाणार, हे शाळेत गेलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या मते या दोन नावांत पुष्कळ रचना-विचार आहे. बोलणाऱ्याला बोलण्याआधीच कळते, की आपले शब्द राहणार आहेत की वाहणार. त्यानुसार तो भाषा बदलतो. राहणाऱ्या पानावर माणूस संदर्भ देतो, शुद्धलेखन सांभाळतो. वाहत्या पानावर ‘जेवलास का’ विचारतो.

२०२२ च्या उत्तरार्धात तीन मोठ्या ॲपनी काही महिन्यांच्या अंतराने या जोडकामाला हात घातला. डिस्कॉर्डने गप्पांच्या दालनांशेजारी चर्चेची दालने दिली, टेलिग्रामने मोठ्या गटात विषयवार कप्पे पाडले आणि व्हॉट्सॲपने ‘कम्युनिटी’ आणली. डिस्कॉर्डची मांडणी त्यातल्या त्यात विचारपूर्वक आहे. प्रत्येक प्रश्नाला स्वतःची जागा आणि खुणेची चिठ्ठी मिळते. टेलिग्रामच्या कप्प्यांत आत शिरले की पुन्हा तोच प्रवाह. व्हॉट्सॲपने तर अनेक गट एका नावाखाली बांधले आणि वर घोषणांचा एक गट बसवला. छप्पर मोठे झाले, फडताळ आलेच नाही. महत्त्वाचा संदेश वर टाचून ठेवता येतो खरा, पण टाचताना मुदत निवडावी लागते: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस.

तीस दिवसांची स्मृती कोल्हापूरला पुरत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहरातले आणि शिरोळकडचे कितीतरी व्यवहार या गटांवरूनच चालले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरते, सुतारवाड्यानंतर कुणाची पाळी, कोणता रस्ता शेवटपर्यंत चालू राहतो, हे ज्ञान त्या आठवड्यात माणसांनी अंगावर पाणी घेऊन मिळवले आणि गटांवर लिहिले. मी ज्या गटांत होतो तिथे होडीची एकच मागणी कुटुंब सुखरूप हलवल्यावरही दुसऱ्या दिवशी फिरत होती, कारण ‘काम झाले’ हे त्या मागणीला चिकटवण्याची जागाच नव्हती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. दोन वर्षांपूर्वीचे सगळे लिखाण लोकांच्या खिशात होते आणि तरी लोक तेच प्रश्न पहिल्यापासून विचारत होते. ‘सुप्रभात’च्या फुलांखाली ते कुठे गाडले गेले होते, देव जाणे.

म्हणून जुन्या मराठी रचनेकडे परत जावे, असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्यातही एक मोठी उणीव आहे. पान वाहते की राहते, हे उघडतानाच ठरते. गप्पांच्या ओघात कुणी मोलाचे सांगून गेला तर ते कुणीतरी हाताने उतरवून घेईपर्यंतच वाचते. आणि मोलाचे बहुतेक वेळा ओघातच सांगितले जाते. ‘आता मी माहिती देतो’ म्हणून बसणारा माणूस क्वचितच नवे काही देतो.

झुलिप नावाचे कमी चर्चेतले ॲप इथे एक पाऊल पुढे आहे. तिथे बोलणे विषयाखाली असते, पण नंतर ते उचलून दुसऱ्या विषयाखाली नेता येते, विषयाचे नाव बदलता येते, प्रश्न सुटला तर तशी खूण करता येते. दोष एवढाच, की त्याची घडण कार्यालयीन आहे. तालमीच्या कट्ट्यावरच्या माणसाला प्रत्येक बोलण्यावर चिठ्ठी लावणे जाचक वाटेल.

आपल्याकडच्या सहकारी संस्थांत याचे उत्तर कागदावर आहे. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सभेत आरडाओरडा झालेला असतो, टेबलावर हात आपटलेले असतात; प्रोसिडिंगमध्ये त्यातले काय राहिले ते सचिव लिहितो आणि पुढच्या सभेत सगळ्यांसमोर वाचले जाते. कुणाला आक्षेप असेल तर तो तिथेच घेतला जातो. (कायम झालेली सगळीच इतिवृत्ते खरी असतात असे नाही, पण वाद घालायला एक मजकूर तरी समोर असतो.)

मी पाहिलेल्या ॲपमध्ये हा सचिवच नाही. ॲडमिन आहे; त्याला माणूस आत घेता येतो, बाहेर काढता येतो, संदेश पुसता येतो. निवडून, लिहून, सर्वांपुढे ठेवून कायम करण्याचे बटण त्याच्या हाती दिलेले नाही. गप्पांतले चार संदेश निवडावेत, त्यांचा गोषवारा राहत्या पानावर जावा, मूळ बोलणाऱ्यांना तो दिसावा, त्यांनी दुरुस्त करावा आणि वर तारीख असावी. एवढ्यासाठी संगणकशास्त्रातला कुठलाही नवा शोध लागायला नको आहे. पुराच्या पाण्याची फूटवार नोंद अशी एका पानावर असती, तर २०२१ च्या जुलैत सामान केव्हा माळ्यावर चढवायचे हे गल्लीतल्या भाडेकरूलाही कळले असते; जुन्या गटात नसलेला, नुकताच राहायला आलेला माणूस तोच होता.