छागलांचा इशारा आणि साडेसात टक्के

पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टीलने आपल्या मेमोरँडममध्ये बदल मागितला. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी, हा पैसा लोकशाहीचा गळा घोटू शकेल असे बजावले आणि बदलाला मात्र हरकत घेतली नाही. कायदा आड येत नव्हता. संसदेने पाहावे, एवढेच. निकालाचे गोडवे गाणारे हा उत्तरार्ध सहसा गाळतात.

संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये बंदी, १९८५ मध्ये पुन्हा मोकळीक. बंदीने पैसा थांबला नाही, फक्त हिशेबवहीतून नाहीसा झाला. २०१३ च्या कायद्यातली मर्यादा, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के, २०१७ मध्ये काढली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांबरोबर ती मोकळीकही रद्द केली. हे योग्यच झाले. पण परतलेली मर्यादा नफ्याला बांधलेली आहे: जितकी बडी कंपनी, तितकी बडी देणगी. छागलांना भीती होती ती याच बड्यांची. शिवाय मर्यादा देणाऱ्यावर; उमेदवाराच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला आजही नाही.