मूळ माप ५६ इंच : एका आकड्याची उलटतपासणी

आज समीक्षा करायची आहे ती पुस्तकाची नाही की शोधनिबंधाची नाही, एका आकड्याची. फोर्ड मॉडेल टी या गाडीच्या डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर, ज्याला गाड्यांच्या भाषेत 'ट्रॅक' म्हणतात, ते ५६ इंच. जुन्या गाड्यांवरच्या लिखाणात हा आकडा 'फॅक्टरीचं मूळ माप' म्हणून सर्रास येतो आणि त्यापुढे सहसा कुणी काही विचारत नाही. आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. कसा, ते बघू. तुमचा विषय गाड्यांचा नसला तरी वाचा, कारण असे आकडे सगळ्याच विषयांत असतात.

मूळ माप एकच होतं का?

मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली आणि दीड कोटीहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. सुरुवातीची काही वर्षं कंपनी दोन मापं देत होती. नेहमीचं माप ५६ इंच, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांसाठी, मागणी केली तर, ६० इंच. कारण साधं आहे. तिथल्या कच्च्या रस्त्यांवर वॅगनींच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या असायच्या, आणि त्या वॅगनी जास्त रुंद होत्या. ५६ इंचांची गाडी तिथे नेली की एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर. आपण 'चाकोरीबाहेरचा' हा शब्द कौतुकानं वापरतो; चिखलात गाडी हाकणाऱ्याला चाकोरीबाहेर जाणं अजिबात परवडायचं नाही.

म्हणजे एकाच कंपनीची, एकाच वर्षातली, दोन 'मूळ' मापं. आता समजा, आज कुणाला ६० इंचांची गाडी मिळाली आणि त्याच्या हातातल्या संदर्भात फक्त ५६ लिहिलंय. तो काय करेल? 'कुणीतरी मागाहून बदललेली दिसते' म्हणून रुंद ॲक्सल काढून टाकेल आणि अरुंद बसवेल. दुरुस्तीच्या नावाखाली अस्सल पुरावाच भंगारात जाईल. अपुऱ्या आकड्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

नेमकं कुठून कुठे मोजलं?

ट्रॅक म्हणजे टायर जिथे जमिनीला टेकतो तिथल्या मध्यापासून समोरच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. टायरच्या बाहेरच्या कडांपासून मोजलं तर आकडा फुगतो. मॉडेल टीत आणखी एक मेख आहे. तिची पुढची चाकं वर फाकलेली असतात. फोर्डची मालकांसाठीची पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. तिच्यात सांगितलंय की पुढच्या चाकांमधलं वरचं अंतर खालच्यापेक्षा साधारण ३ इंच जास्त असतं. आता हिशोब करा. जमिनीवर ५६ धरलं, तर चाकाच्या मध्याच्या उंचीवर तेच अंतर सुमारे ५७.५ इंच भरेल. दोन प्रामाणिक माणसं, एकच गाडी, तरी दीड इंचाचा फरक.

निदान मॉडेल टीचे ॲक्सल अखंड आहेत. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा मागचा ॲक्सल गिअरबॉक्सजवळ वर-खाली हलतो, त्यामुळे गाडीत माणसं बसली की चाकांचा कलही बदलतो आणि ट्रॅकही. तिथे वजनाचा उल्लेख नसलेला आकडा फारसा कामाचाच नाही.

सारखे दिसणारे आकडे

रोमन रथांच्या चाकांवरून रेल्वेची रुंदी आली आणि तिथून मोटारींची, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिच्यासाठी ५६ इंच आणि रेल्वेचे ४ फूट ८.५ इंच, म्हणजे ५६.५ इंच, शेजारी ठेवले की झालं काम! पण रेल्वेचं माप दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं आहे आणि मोटारीचं टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. एकक एक, व्याख्या दोन. शिवाय ६० इंचांची गाडी या गोष्टीत बसवायची कुठे? ती गाडी सांगते की माप ठरवताना कंपनीनं रथांकडे नाही, त्या भागातल्या रस्त्यांकडे पाहिलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. जनगणनेत साक्षरतेचा दर १९९१पासून ७ वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येवर काढतात. त्याआधी १९८१मध्ये तो ५ वर्षांपासून पुढे धरला होता. हे न पाहता दोन आकडे एका आलेखात जोडले, तर तीच चूक होते.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

विक्रीचं माहितीपत्रक त्या काळातलंच असतं, ही त्याची ताकद. पण ते गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं असतं, म्हणून माप कसं घेतलं हे सांगत नाही. सुट्या भागांची यादी रुक्ष असते, पण रुंद गाडीला वेगळे ॲक्सल लागतात, त्यामुळे पर्याय शोधायला तीच उपयोगी. कारखान्याचं रेखाचित्र सगळ्यात नेमकं, मात्र ते काय बनवायचं ठरलं होतं ते दाखवतं. आणि प्रत्यक्ष गाडी आज काय आहे ते सांगते. शंभर वर्षांत तिचे ॲक्सल बदललेले असू शकतात. यातला एकही साक्षीदार एकटा पुरेसा नाही. निदान दोघांची साक्ष जुळली पाहिजे, आणि जुळली नाही तर ती तफावत पुसून टाकायची नाही, नोंदवायची.

तेव्हा टिपणवहीत 'ट्रॅक ५६ इंच' एवढंच लिहू नका. असं लिहा : 'ट्रॅक ५६ इंच, कंपनीचं माहितीपत्रक, अमुक वर्ष, मोजण्याची जागा दिलेली नाही, ६० इंचांचा पर्याय उपलब्ध, प्रत्यक्ष गाडीवर जमिनीलगत मोजलेलं माप अमुक.' ओळ लांब होते, होऊ द्या. तोंडी परीक्षेत 'हा आकडा कुठून आणला?' असं विचारलं, की हीच ओळ वाचून दाखवायची.