मराठी पडद्यावरचे नागपूर

मराठी मालिका आणि चित्रपटांत नागपूर बहुतेक वेळा येते ते कुणाचे तरी माहेर म्हणून. सून तिथून आलेली असते, मामा संत्र्यांची पेटी घेऊन उतरतो, एखाद्या वाक्यात 'काहून' पडते आणि कथा पुन्हा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसते. इतवारीसारखी घाऊक बाजारपेठ, सराफ्याच्या पेढ्या, मस्कासाथीतला किराणा, हलबा कोष्ट्यांचे माग आणि सावजीच्या खानावळी असलेल्या या शहराचे रोजचे जगणे पडद्यावर किती आले, याचा हिशेब मांडला तर जमेची बाजू लहान निघते. मात्र तिच्यातल्या काही नोंदी मोलाच्या आहेत.

या तुटीचे पहिले कारण धंद्यात आहे. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग जुन्या काळी पाडले गेले, त्यांत विदर्भ मुंबई विभागात गेला नाही. तो 'सी. पी. बेरार' विभागात गणला गेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या काही भागांसोबत. 1956 मध्ये नागपूरची राजधानी गेली, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला; चित्रपटधंद्याच्या वहीतले जुने पान मात्र तसेच राहिले. मराठी निर्मात्याचा हिशेब मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर असा सुरू होतो आणि नागपूरपर्यंत येता येता पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. इकडे इतवारीत गिऱ्हाइकाशी हिंदी आणि घरात मराठी अशी रीत. या दुभाषी प्रेक्षकाला हिंदी चित्रपट परका वाटत नाही, त्यामुळे मराठी चित्रपटासाठी वेगळे तिकीट काढायला त्याला तसे कारण लागते. 2016 मध्ये 'सैराट'ने ते दिले. त्यातली करमाळ्याकडची बोली विदर्भात कुणाला अडली नाही.

दूरचित्रवाणीचे गणित आणखी कठीण. 1999 मध्ये 'अल्फा टीव्ही मराठी' आणि 2000 मध्ये 'ईटीव्ही मराठी' सुरू झाल्यावर मराठी मालिका रोजच्या झाल्या. रोज एक भाग द्यायचा म्हणजे नट, तंत्रज्ञ आणि सेट हाताशी हवेत. नागपूर मुंबईहून आठशे किलोमीटरांपेक्षा लांब. साहजिकच कथेचे गाव मुंबईच्या आसपास किंवा सोयीच्या अंतरावर राहिले. 2016-17 च्या सुमारास वाहिन्यांनी गावाकडे मोर्चा वळवला तेव्हाही 'रात्रीस खेळ चाले' कोकणात, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरात आणि 'लागिरं झालं जी' साताऱ्यात घडली. ती गावे, तिथली घरे आणि बोली पडद्यावर आल्या. त्याच लाटेत विदर्भाच्या वाट्याला गाव आले नाही, एक बाई आली: 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका.

ऑगस्ट 2016 ते मार्च 2021 अशी साडेचार वर्षे ही मालिका चालली. नागपूरची राधिका नवऱ्याच्या मागे मुंबईत संसार करते, नवरा दुसरीच्या नादी लागतो आणि राधिका मसाल्यांचा उद्योग उभारून स्वतःच्या पायावर उभी राहते. अनिता दाते यांनी ती समरसून केली. त्या मूळच्या नाशिकच्या. तरी त्यांच्या तोंडची नागपुरी बोली विदर्भातल्या घरांनीही आपली मानली. रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू जाणारी नायिका या बोलीत बोलते, स्वयंपाकघरातल्या नोकराच्या किंवा गावाकडून आलेल्या पाहुण्याच्या तोंडी ती राहत नाही, हे मालिकेचे खरे काम.

उणीव मसाल्याच्या बाजूला राहिली. इतवारीत मसाल्याचा धंदा म्हणजे काय, हे मिरचीच्या पोत्यांच्या रांगेतून जाताना आलेल्या ठसक्यानेच कळते. भिवापुरी मिरचीचा भाव, तोलाई, हमाली, महिन्याची उधारी, खरडून लिहिलेली पावती आणि सणाच्या आधी अडकलेला माल: एवढ्यावर वर्षभराचे भाग लिहून होतील. मालिकेत हा उद्योग नवऱ्यावर मात करण्याचे हत्यार म्हणून वाढला, धंदा म्हणून फारसा उलगडला नाही. कुरघोडीच्या कथेत भावतोल बसत नाही, ही रोजच्या मालिकेची सर्वसाधारण मर्यादा. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून अधिक भाग झाले, त्या काळापासून पात्रांचे व्यवसाय ओळखीपुरते असतात. कुणी 'कंपनी' चालवतो, कुणी 'टेंडर' भरतो. कशाचे, ते कळत नाही.

बोलीच्या बाबतीतही एक घोळ कायम आहे. पडद्यावर विदर्भातली सगळी बोली 'वऱ्हाडी' या एकाच नावाने खपते. अमरावती-अकोल्याकडची वऱ्हाडी, नागपूर-वर्ध्याची नागपुरी आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली यांच्यात फरक आहेत. वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. नागपूरच्या रस्त्यावर 'तो जेवून राहिला' म्हणतात, 'जेवतो आहे' नाही. 'बे' हे संबोधन दोस्तीत गोड आणि परक्याकडून ऐकले तर भांडणाचे. मुंबईत लिहिलेले संवाद अनेकदा प्रमाण मराठी वाक्यात 'मले-तुले' पेरून तयार होतात. शब्द नागपूरचे, वाक्य दादरचे असा हा प्रकार इतवारीतला प्रेक्षक पहिल्याच भागात ओळखतो.

या बोलीला सर्वाधिक श्रोते मिळाले विनोदातून. 2014 पासून 'चला हवा येऊ द्या'मध्ये अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांनी तिची संथ, कोरडी लय महाराष्ट्राला परिचित केली. त्यांच्या विनोदाचे मर्म शब्दांपेक्षा थांबण्यात आहे आणि तो वऱ्हाडाच्या गप्पांचा अस्सल गुण आहे. त्यांच्यामागून आलेल्या नकलांनी मात्र बोली हाच विनोद करून टाकला. नागपूरची स्वतःची विनोदाची परंपरा निराळी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते, तिच्यासोबत बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, जो त्या वर्षी लोकांच्या तोंडी असेल त्याचा पुतळा वाजतगाजत नेऊन जाळला जातो. तिथे नागपूरकर सत्तेला हसतो. दूरचित्रवाणीवर बहुतेक वेळा नागपूरकरालाच हसले जाते.

चित्रपटांत विदर्भ आला तो प्रामुख्याने संकट घेऊन. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) त्यातला सर्वांत संयमी. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर धास्तावलेली बायको नवऱ्यामागे मुलाला पाळतीवर ठेवते. बाप शेतात जातो, पोरगा मागे; बाप वैतागतो, पोरगा हटत नाही. कर्ज, नापिकी आणि लहरी पाऊस यांची कथा एवढ्याशा पाठलागातून सांगितली आहे आणि करुण प्रसंगाला हसूही फुटते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी बोली अंगात मुरवून वापरली. शहराच्या वाट्याला आला गुन्हा. 2004 मध्ये नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या महिलांच्या जमावाने एका गुंडाला ठार केले, त्या घटनेवर '200 हल्ला हो' (2021) हा हिंदी चित्रपट आणि उमेश कुलकर्णी यांची नेटफ्लिक्सवरील माहितीपट-मालिका (2022) आली. दोन्हींनी वस्तीतल्या दलित स्त्रियांची बाजू मांडली. त्यातही माहितीपट अधिक टिकतो, कारण तिथे वस्तीतली माणसे स्वतः बोलतात.

माणसे स्वतः बोलू लागली की काय होते, याची सर्वांत ठळक साक्ष 'झुंड' (2022) देतो. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उभारलेल्या फुटबॉलच्या कामावर नागराज मंजुळे यांनी तो बेतला आणि नागपुरातच चित्रित केला. चित्रपट हिंदी, नायक अमिताभ बच्चन. पण जीव आहे तो नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेल्या पोरांत. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतला नाच, महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामधली भिंत, शिवीइतकीच सहज निघणारी माया हे सारे 1956 च्या धम्मदीक्षेच्या शहरातूनच येऊ शकले असते. लांबी आणि उत्तरार्धातले विस्कळीतपण हे त्याचे दोष. अंकुश गेडाम यांना पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याआधी 'कोर्ट'मध्ये नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला होता. चित्रपट मुंबईचा, पण त्या शाहिराच्या थकलेल्या, न वाकणाऱ्या शांतपणामागे नागपूरच्या चळवळीतली अनेक वर्षे होती. साथीदार 2021 मध्ये गेले.

मध्यमवर्गीय नागपूर सापडते ते 'मी वसंतराव'मध्ये (2022). गायक वसंतराव देशपांडे यांचे बालपण आणि शंकरराव सप्रे यांच्याकडचे शिक्षण नागपूरचे. त्यांना एकटीने वाढवणारी आई इथे अनिता दाते यांनीच साकारली. तीच अभिनेत्री, तेच शहर, तीच नवऱ्याविना उभी राहणारी स्त्री. मात्र इथे तिला दर रात्री जिंकावे लागत नाही. चार-दोन वाक्ये आणि एक कडक नजर पुरते.

मराठी पडदा विदर्भात प्रेक्षक नाही असे मानतो, ते झाडीपट्टीने केव्हाच खोटे पाडले आहे. नागपूरहून नागभीडच्या दिशेला पुढे वडसा आहे, झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. धान कापून झाले की गावोगावी रात्रभर नाटके होतात, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात, मुंबईच्या मालिकांतले नटही तिथे पाहुणे कलावंत म्हणून येतात. 2023 मध्ये या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या वर्षी तृषांत इंगळे यांनी 'झॉलीवूड'मधून ही दुनिया पडद्यावर आणली.

एकंदरीत, विदर्भाचे दुःख, गुन्हा आणि विनोद पडद्याने पाहिले. त्याचा व्यवहार अजून पाहिलेला नाही. जिथे स्थानिक माणसे कॅमेऱ्यासमोर आली तिथे काम उजवे झाले. आता ती लेखकाच्या टेबलावर बसायला हवीत. नट मिळाले आहेत, प्रेक्षक पूर्वीपासून आहेत; उणीव आहे ती इतवारीच्या शहीद चौकातल्या एखाद्या दुकानाचे शटर सकाळी कोण उघडतो, इथपासून सुरू होणाऱ्या संहितेची.