अप्रकट शब्दांची गणना

शेक्सपिअरला किती शब्द ठाऊक होते, हा प्रश्न ब्रॅडली एफ्रन व रोनाल्ड थिस्टेड या संख्याशास्त्रज्ञांनी १९७६ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात उपस्थित केला. त्यांच्या पद्धतीचे मूळ प्राणिशास्त्रात आहे. कॉर्बेट यांनी मलायात गोळा केलेल्या फुलपाखरांवरून, जाळ्यात न आलेल्या जातींचे अनुमान कसे करावे, हे आर. ए. फिशर यांनी १९४३ मध्ये दाखविले होते. एकदाच सापडलेल्या जाती पुष्कळ असतील, तर न सापडलेल्याही पुष्कळ असणार, हे त्यामागील तत्त्व होय.

शेक्सपिअरच्या उपलब्ध लेखनात ८,८४,६४७ शब्दप्रयोग असून भिन्न शब्द ३१,५३४ आहेत. त्यांपैकी १४,३७६ एकदाच व ४,३४३ दोनदाच आले आहेत. तेवढ्याच विस्ताराचे नवे लेखन हाती आल्यास त्यात सुमारे ११,४३० नवे शब्द आढळतील, आणि न वापरलेले शब्द किमान ३५,००० असतील, असा लेखकद्वयाचा निष्कर्ष आहे. ‘किमान’ या शब्दातील संयम प्रशंसनीय आहे.

परंतु सारा भार एकदाच आलेल्या शब्दांवर आहे, आणि नेमका तोच वर्ग सर्वांत संदिग्ध असतो. या गणनेत एकाच शब्दाची विकारी रूपे स्वतंत्र मानली आहेत. अर्थात मोजली गेली ती रूपे. ‘ठाऊक असलेले शब्द’ नव्हेत. शिवाय फुलपाखरू जाळ्यात योगायोगाने येते. शब्द मात्र विषय, वृत्त व पात्र यांच्या ओढीने येतो.

१९८५ मध्ये गॅरी टेलर यांनी शेक्सपिअरच्या नावावर मांडलेल्या ४२९ शब्दांच्या कवितेत सुमारे सात नवे शब्द अपेक्षित होते, नऊ आढळले. मेळ लक्षणीय खरा. तथापि कवितेचे कर्तृत्व आजही अनेक अभ्यासकांना मान्य नाही. संख्येचा मेळ म्हणजे कर्तृत्वाचा पुरावा नव्हे.

मराठीत ही अडचण अधिकच तीव्र होते. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरापासून’, ‘घराचासुद्धा’ ही रूपे वेगळी मोजल्यास एकदाच येणाऱ्यांची संख्या फुगते आणि तिच्यासवे अप्रकट शब्दांचे अनुमानही. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाला ही पद्धत लावावयाची, तर हस्तलिखितांतील पाठभेदांचाही निर्णय आधी करावा लागेल. सूत्र निर्दोष असले तरी शब्द कशास म्हणावे, हे ते सांगत नाही. तो निर्णय व्याकरणाचाच आहे, आणि तो गणनेपूर्वी व्हावयास हवा.