भवभूतीचा श्लोक आणि आपण

गोंदिया जिल्ह्यातील आमगावाजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत ८ व्या शतकातील हा कवी निंदकांना बाजूस सारून भावी समानधर्म्यावर विश्वास ठेवितो. तो श्लोक पुष्कळ सुशिक्षितांचा जीवनमंत्र झाला आहे. परंतु बहुधा अपयशावरील मलम म्हणूनच! आपली कृती कोणी वाखाणली नाही की जग अरसिक ठरवावयाचे, हा त्याचा सोयीस्कर अर्थ होय. तारुण्यात प्रस्तुत लेखकानेही तो असाच वापरिला. वस्तुतः ज्या लेखणीतून ‘उत्तररामचरित’ उतरले, तिलाच तो अभिमान शोभतो. म्हणून हा श्लोक म्हणण्यापूर्वी आपण काय निर्माण केले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.