परदेशाची शिदोरी : देलाक्रुआ आणि मोरोक्को

चित्रकाराने परदेशी जावे आणि परतताना चित्रे घेऊन यावे, इतका हा व्यवहार सरळ असता, तर प्रत्येक प्रवासी कलावंत ठरला असता. प्रवास कलेला नेमके काय देतो, याचा विचार करताना फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्रुआ (१७९८–१८६३) याचे उदाहरण उद्बोधक ठरावे.

रोम ही त्या काळच्या फ्रेंच चित्रकारांची पंढरी. देलाक्रुआ मात्र इटलीला कधीच गेला नाही. १८३२ च्या जानेवारीत तो काउंट द मॉर्ने यांच्या राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला निघाला. टँजियर, मेकनेस आणि परतीच्या वाटेवर अल्जिअर्स असा सुमारे सहा महिन्यांचा हा प्रवास. त्याने रेखाटनांनी, जलरंगांनी व टिपणांनी वह्या भरून काढल्या. शुभ्र वस्त्रे पांघरलेल्या तेथील माणसांत त्याला प्राचीन रोमन दिसले. इतर चित्रकार ज्यांचे पुतळे गिरवीत होते, ते जणू येथे बाजारात चालत होते.

या प्रवासातून १८३४ साली ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ हे चित्र आले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातील छायेतही रंग श्वास घेतात. तरीही ते पाहताना मन थोडे अडखळते. अल्जिअर्स १८३० साली फ्रेंच सैन्याने जिंकलेले शहर होते. त्या अंतःपुराकडे पाहणारी नजर कितीही रसिक असली, तरी ती जेत्यांपैकी एकाची आहे. याउलट, १८४१ च्या प्रदर्शनात मांडलेला ‘मोरोक्कोतील ज्यू विवाह’ पाहावा. टँजियरच्या अशा एका विवाहाला तो स्वतः उपस्थित होता. अंगणात वादक आहेत, नर्तकी आहे, पाहुण्यांची दाटी आहे. वधू मात्र कोठेच नाही, कारण रिवाजानुसार ती आत आहे. चित्रकाराने ते दार उघडण्याचा हट्ट धरलेला नाही. पाहुण्याची ही मर्यादा मला पहिल्या चित्राच्या वैभवापेक्षा मोलाची वाटते.

विवाहसोहळा पाहणे आणि चित्र प्रदर्शित होणे यांत नऊ वर्षांचे अंतर आहे, हेही ध्यानात घ्यावे. १८५३ च्या रोजनिशीत देलाक्रुआने आपल्या आफ्रिका-प्रवासाविषयी लिहिले आहे, की बारीकसारीक तपशील विसरून उरलेले मर्म तेवढे आठवू लागल्यावरच त्यातून काही बरे घडू लागले. टिपण करणे हे प्रवाशाचे काम. विसरणे हे कलावंताचे. दिसेल ते कॅमेऱ्यात साठवून घरी येणाऱ्या आपल्या पिढीने या वाक्यापाशी क्षणभर थांबायला हवे.

त्या शिदोरीचा अखेरचा घास आपल्याला चर्चमध्ये सापडतो. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमधील देवदूतांच्या चॅपेलची भित्तिचित्रे त्याने १८६१ साली पूर्ण केली. त्यांपैकी एकात याकोब देवदूताशी झुंजतो आहे. उजवीकडून मेंढरे, उंट आणि स्वार यांचा तांडा धूळ उडवीत निघाला आहे. मोरोक्कोच्या वाटेवर चाललेला माणूसच असा तांडा रंगवू शकतो, असे मला वाटते. पण मोरोक्को येथे देखावा म्हणून उरलेला नाही, तो उत्पत्तीच्या पुस्तकात विरघळला आहे. याकोबही वीस वर्षे परमुलखात राहून घरी परतत होता. वाटेत तो झुंजला, जायबंदी झाला आणि आशीर्वाद घेऊनच पुढे गेला. परदेश कलावंताला काही देत असेल, तर ते अशा झुंजीनंतरच.