फेरफार आणि पंचनामा

ज्याने यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या तलाठी कार्यालयात एकदा तरी वारसाचा फेरफार करून घेतला आहे, त्याला गिट समजायला फार वेळ लागू नये. जमिनीला वारस लागले किंवा बोजा चढला की गाव नमुना 6 मध्ये नोंद पडते. तिला क्रमांक मिळतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत सरली की मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मग तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. चुकीची नोंद खोडून टाकायची नसते. दुरुस्तीसाठी नवा फेरफार घ्यावा लागतो. सॉफ्टवेअरच्या कोडमधला प्रत्येक बदल गिट असाच टिपून ठेवते. काय बदलले, कोणी, केव्हा, कशासाठी आणि याच्या आधीची नोंद कोणती, हे सगळे एका ‘कमिट’मध्ये असते.

गिटसारख्या साधनांवरची पुस्तके आणि घातक कोडच्या तपासावरची पुस्तके मी गेली काही वर्षे शेजारीशेजारी ठेवून वाचतो आहे. दोन्हींकडे चांगले लेखक आहेत. पण त्यांनी एकमेकांचे लेखन वाचले असावे, असे पानांवरून वाटत नाही. या दोन्ही विद्यांच्या पुस्तकांतली आजची सर्वांत मोठी उणीव मला हीच दिसते.

बदल नोंदवण्याची विद्या जुनी. बेल लॅब्समध्ये 1972 साली एससीसीएस तयार झाले, पुढे आरसीएस, सीव्हीएस आणि सबव्हर्जन आले. 2005 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले. त्यावरचे पहिले नाव घ्यावे असे पुस्तक म्हणजे स्कॉट चॅकन यांचे ‘प्रो गिट’ (2009, बेन स्ट्रॉब यांच्यासह दुसरी आवृत्ती 2014). ते इंटरनेटवर फुकट वाचता येते, आणि तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्यासाठी ही बाब लहान नाही. गिटच्या पोटात काय चालते हे सांगणारे त्यातले शेवटचे प्रकरण मी तांत्रिक गद्याचा नमुना मानतो. फाइल, फोल्डर आणि नोंद यांना मजकुरावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश, कसा मिळतो आणि एका ठशात दुसरा कसा ओवला जातो, हे लेखक वाचकाकडून हाताने करवून घेतात.

मात्र या पुस्तकाचा स्वभाव भोळा आहे. कमिटवर करणाऱ्याचे नाव स्वतःच लिहायचे असते, म्हणजे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. त्यावरचा उपाय असलेली डिजिटल सही पुस्तकात आहे, पण साधनांच्या प्रकरणातला एक छोटा भाग म्हणून. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच निघेल का, हा प्रश्नही छापील आवृत्तीत योगायोगापुरताच विचारला आहे. 2017 साली ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-1 ठसा (गिटचा नेहमीचा ठसा तोच) असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली मुद्दाम बनवून दाखवल्या. हजार कमिटमधून बिघडलेले कमिट दहाएक पायऱ्यांत हुडकणारी ‘बायसेक्ट’ आज्ञा शिकवली आहे ती अनवधानाने झालेली चूक शोधण्यासाठी. कोणी जाणूनबुजून विष कालवले असेल तर काय करायचे, हा विचार तिथे नाही.

दुसऱ्या बाजूला मॅलिन, केसी आणि अक्विलिना यांचे ‘मालवेअर फोरेन्सिक्स’ (2008). लेखकांपैकी एक पूर्वीचे सरकारी वकील, त्यामुळे पुस्तकाची शिस्त पंचनाम्याची आहे: चालू यंत्राला हात लावण्याआधी काय टिपायचे, मेमरीतला मजकूर कसा उतरवून घ्यायचा, पुरावा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला. कायद्याचे प्रकरण मात्र अमेरिकी कायद्यावर उभे आहे. यवतमाळच्या न्यायालयात ते कामाचे नाही. सिकोर्स्की आणि होनिग यांचे ‘प्रॅक्टिकल मालवेअर ॲनालिसिस’ (2012) शिकवण्यात त्याहून सरस. सरावासाठी लेखकांनी स्वतः घातक नमुने तयार केले आणि प्रत्येकाची सविस्तर उकल मागे दिली. त्यातले विंडोज एक्सपी जुने झाले, पण आधी न चालवता बघा, मग बंदिस्त यंत्रात चालवून बघा, ही रीत टिकून आहे. भारतीय लेखक मोनप्पा के. ए. यांचे 2018 चे ‘लर्निंग मालवेअर ॲनालिसिस’ नवशिक्याला या दोन्हींपेक्षा लवकर हाती लागेल.

ही सगळी पुस्तके सापडलेल्या प्रेताची चिरफाड करतात. तो कोड कोणाच्या हातून, कोणत्या नोंदीने आत आला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. मार्च 2024 मध्ये एक्सझेड प्रकरणाने ही फट उघडी पाडली. लिनक्सच्या बहुतेक प्रणालींत असलेल्या या कॉम्प्रेशनच्या साधनात जिया टॅन या नावाने कोणीतरी दोनेक वर्षे इमानाने काम करून विश्वास मिळवला आणि चोरदार बसवले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो याची रुखरुख लागली, म्हणून ते सापडले. घातक मजकूर चाचणीच्या फाइलींत दडवून गिटमध्ये होता. त्याला जागे करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातली होती. सातबाऱ्याच्या नकलेत अशी एक ओळ असावी जिचा फेरफार वहीतच नाही, तसे हे. ते ओळखायला वही वाचणारा आणि पंचनामा करणारा एकच माणूस लागतो. असा माणूस घडवणारे पुस्तक माझ्या कपाटात एकही नाही.

मराठीला हे दूरचे नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून घातक कोडच्या आधारे सुमारे 94 कोटी रुपये गेले, पैसे 28 देशांत निघाले. मराठीत माझ्या वाचनात आले ते रकमेबद्दल आणि अटकांबद्दल. कोड कसा घुसला याबद्दल नाही. पुण्याचेच अतुल कहाते यांनी क्रिप्टोग्राफीवर नावाजलेले पाठ्यपुस्तक लिहिले, पण इंग्रजीत. काटकर बंधूंनी पुण्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस उभे केले. व्हायरस उलगडण्याचा तो अनुभव मराठी पुस्तकात यायला हवा. 2021 पासून अभियांत्रिकी पदविकेला इंग्रजीबरोबर मराठीचा पर्याय आहे, म्हणजे वाचक तयार होतो आहे. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधील प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. म्हणजे गिटच्या पोटातली ती गोष्ट आता ठाणेदाराच्या कागदावरही आली आहे.

शब्दांची अडचण सांगू नका. फेरफार, हरकत, नक्कल, पंच, जप्ती, मुद्देमाल हे शब्द आपल्या तालुक्यात रोज वापरले जातात. ‘कमिट’ आणि ‘मालवेअर’ त्यांच्या शेजारी खुशाल राहू द्या. दोन्ही विद्या हाताखालून गेलेल्या कोणी हे पुस्तक मराठीत लिहायला घ्यावे. कच्चे प्रकरण नेरच्या मुलांपुढे वाचून, ती कुठे अडतात ते लेखकाला कळवण्याचे काम मी करीन.